गुळाच्या गोदामातली भिंत

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनं मला पार पिळून काढलं होतं. बारामतीत एका म्हातारीच्या घरात खोली घेऊन आम्ही दोघी राहायचो, मी आणि माझ्याच वर्गातली एक मैत्रीण. त्या दिवसांत मला अन्न नकोसं झालं होतं. केस विंचरले की फणीत पुंजकेच्या पुंजके यायचे. मी झोपेत कलमं बडबडते, असं मैत्रीण सांगायची. आमच्या घरात याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेळगावात रान केलं. मी वकील व्हावं हा हट्ट आईचा. नापास होऊन तिच्यासमोर उभं राहायचं, हा विचारसुद्धा मला सोसत नव्हता.

पेपर चालू असताना एका संध्याकाळी घरमालकिणीकडं फोन आला. माझा थोरला भाऊ बोलत होता. एरवी दादा परीक्षेत कधी फोन करत नसे.

"पेपर कसं चाललंत?"

"बरे चाललेत. आई कुठंय?"

"रानात हाय," म्हणाला. "तू मन लावून लिही."

उन्हाळ्यात उसाला पाणी देण्यात आईचा दिवस जायचा. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट घरचा आवाज ऐकून बरं वाटलं, आणि मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मैत्रीण म्हणाली, "खोलीवर गेलीस तर प्रश्नपत्रिका काढून बसशील आणि रडशील. त्यापेक्षा भिंत चढायला चल."

बाजारपेठेमागं गुळाचं एक गोदाम बंद पडलं होतं. पुण्याहून आलेल्या खेळाच्या एका सरांना कडे चढायचं वेड. आमच्या सपाट मुलखात कडा कुठून आणणार? त्यांनी गोदामाच्या आतल्या भिंतीत सिमेंटनं दगड बसवून घेतले होते, अगदी छतापर्यंत. वरच्या लोखंडी तुळईवरून दोर सोडलेला, खाली जुन्या गाद्या. आत गुळाचा आंबूस वास भरून राहिलेला, आणि भिंतीला मुंग्यांच्या ओळी.

मी मैत्रिणीची पँट घातली. सरांनी माझ्या कमरेला पट्टा आवळला आणि दोराचं दुसरं टोक स्वतःकडं घेतलं. "सुटलीस तरी दोर माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "खाली बघू नकोस, पुढचा दगड बघ."

पहिल्यांदा मी पुरुषभर उंचीवरूनच सुटले आणि दोराला लोंबकळले. मैत्रीण खो खो हसली. मग मीही हसले. पुन्हा चढले, पुन्हा सुटले. दंड भरून आले, मांड्या लटलटायला लागल्या. पण कितीतरी महिन्यांनी डोक्यात एकही कलम नव्हतं. पाय कुठं ठेवायचा, बोटं कशात अडकवायची, तेवढंच.

अर्ध्यावर पोचले तेव्हा सरांचं न ऐकता खाली बघितलं. दारात दादा उभा होता. घरमालकिणीनं पत्ता सांगितला असणार. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. परक्या माणसासमोर पँट घालून दोराला लटकलेली बहीण! आता हा इथंच शिव्या घालणार.

"दादा, आलास व्हय? उतरते मी."

"नगं," तो म्हणाला. "चढ तू. मी हाय हितंच."

तो ओरडला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला फक्त आनंद झाला. मी वरपर्यंत गेले, तुळईवर थाप मारली आणि लहान पोरीसारखी किंचाळले. दादानं खालून हात वर केला.

एसटीत मी एकसारखी बडबडत होते. पेपर, सर, भिंत. तो खिडकीबाहेर बघत होता. गाडी गावाबाहेर पडून उसाच्या पट्ट्यात आली तेव्हा मी म्हटलं, "आईला पँटचं सांगू नकोस हां."

त्यानं टॉवेल तोंडाला लावला. "आई न्हाय आता," तो म्हणाला. "उसाला पाणी सोडायला गेली हुती. मोटारीच्या पेटीत करंट उतरला हुता. हात लावला नि तितंच..."

"कधी?"

"तुला फोन केला त्या दिशी. सकाळी."

"तू तर म्हणालास रानात आहे."

"रानातच अग्नी दिला, बाय. मग दुसरं काय सांगू?"

मी त्याला मारायला हात उगारला, पण मूठच वळेना. भिंतीनं बोटं ताठून गेली होती. उघड्या पंजानं त्याच्या खांद्यावर मारत राहिले. कंडक्टर जवळ आला, आमच्याकडं बघून परत गेला.

"मग मला वर का चढू दिलंस?"

"हसत हुतीस," तो म्हणाला. "म्हटलं, घटकाभर आसू दे."

घरी पोचले तेव्हा सगळे रडून थकले होते. चुलती चुलीपाशी भाकरी थापत होती, ती उठून गळ्यात पडली. पण मागं तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी परत वळली. माझं रडणं उशिरा आलं होतं. राख केव्हाच नीरा नदीत सोडलेली. रानात नेऊन दाखवलं, तिथं भुईवर एक काळा डाग होता. पलीकडं मोटारीला नवी पेटी बसवली होती आणि पाणी चालू होतं, कारण ऊस जळाला असता. रात्री चुलतीनं पाण्याचा तांब्या हातात दिला, तो माझ्या हातून निसटला. "दुःखानं हात गळालं पोरीचं," ती म्हणाली. भिंतीनं ताठलेली बोटं मी ओढणीत लपवली.

आबांना मी विचारलंच. "मला का बोलावलं नाही?"

"बोलावलं आसतं तर ती उठून बसली आसती का? तिनंच तुला शिकायला धाडली. तिच्यापायी तुझं वरीस बुडवू?"

"मला तिचं तोंड बघायचं होतं, आबा."

त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "बघण्यासारखं न्हवतं." आणि उठून गोठ्याकडं गेले.

निकाल लागला, मी पास झाले. आबांनी माझ्याकडून गुण दोनदा वाचून घेतले, बरं म्हणाले आणि रानात गेले. पेढे कुणी आणले नाहीत. दादा उंबऱ्यात बसला होता. मी त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि आत गेले. त्याच्याशी धड बोलायला मला पुढं वर्ष लागलं. आबांनी मात्र तो विषय पुन्हा कधी काढू दिला नाही, आणि मीही विचारायचं सोडलं.