रिकाम्या घराचा नकाशा

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बॅलरॅटच्या वृद्धाश्रमात डेस्ली रॅकहॅम सत्तावीस वर्षं देखभालीचं काम करते. दिवे बदलणं, नळ दुरुस्त करणं आणि ते करताना सगळ्यांना चार शब्द ऐकवणं. शेवटचं काम ती बिनपगारी करते. वायफायवरून माणूस कुठल्या खोलीत आहे ते दाखवणारी यंत्रणा आली, तीही तिच्याच गळ्यात पडली. कोपऱ्याकोपऱ्यात फोन घेऊन उभं राहायचं, तिथे कुठला सिग्नल किती जोरात येतो ते नोंदवायचं. पुढे म्हाताऱ्यांच्या मनगटावरचा पट्टा सिग्नल टिपणार आणि संगणक या नोंदींशी ताडून जागा सांगणार.

नोंदी घेताना पायात कुणी यायला नको म्हणून डेस्लीने मेलबर्न कपचा, म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा, मंगळवार निवडला. त्या दुपारी आमच्याकडे अंथरुणाला खिळलेला माणूसही खाटेसकट टीव्हीसमोर असतो, वर फुलांची टोपी घालून. मोकळ्या बोळांतून ती एकटी फिरली आणि नंतर आठवडाभर आपल्या हुशारीबद्दल मिरवली.

मे महिन्यात एका सकाळी, ऐन चहाच्या वेळी क्लॅरी व्हॉस दिसेना. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा माणूस एके काळी मेंढ्यांची लोकर कातरायचा. आता स्वतःचं नावही विसरतो. इन्सुलिन टोचून झालेलं, न्याहारी तशीच पडलेली. लवकर सापडला नाही तर साखर उतरून जिवावर बेतणार होतं. पडद्यावर त्याचा ठिपका बारा नंबरच्या खोलीत दिसला. खोली रिकामी. मग ठिपका प्रार्थनाघरात गेला. तेही रिकामं.

बोळात चहाच्या गाड्या, चाकांच्या खुर्च्या, माणसंच माणसं. ते पाहून डेस्लीचा चेहरा उतरला.

"मी रिकाम्या घराचा नकाशा केलाय," ती मला म्हणाली. "माणसांच्या अंगाने सिग्नल अडतो. हलव सगळ्यांना टीव्हीसमोर, बयो. कपच्या दिवशी असतात तसे."

मी स्वयंपाकघरातलं माझं काम टाकून खुर्च्या ढकलायला लागले. एका आजीबाईंनी घोडे कुठायत म्हणून विचारलं, येतायत, म्हटलं.

बोळ मोकळे झाले. ठिपका हलला, आणि चादरींच्या कोठीवर येऊन थांबला.

कोठीत मघाशी आम्ही डोकावलो होतो. आता आत शिरलो, तर क्लॅरी मागच्या मांडणीआड बसला होता, घामाने निथळत, पांढराफटक. नर्सने साखरेचं पाणी पाजलं. डेस्ली फरशीवर बसून त्याचं डोकं धरून होती. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"कोण गं तू?"

"तुला हरवून बसलेली," ती म्हणाली.

तो हसला. त्याला काय कळलं कोण जाणे, पण जेवणाची वेळ होईपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही.