चाळीस घरांचे पासवर्ड

श्यामसुंदर सदाशिव पेठेतल्या निवृत्त माणसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. व्हायरस काढतो, अपडेट टाकतो आणि घरोघरी एकच गोष्ट सांगतो: पासवर्ड कोणालाही सांगू नका, मलासुद्धा.

"अहो, तुम्हीच ठेवा लक्षात. आमच्याच्यानं नाही होत," लोक म्हणतात.

मग तो ठेवतो. बारा वर्षांत चाळीस घरांचे पासवर्ड त्याच्या डोक्यात साठले. एकही बाहेर गेला नाही. पोट यावरच, अब्रूही यावरच.

परवा वासंतीबाईंच्या ईमेलवरून त्यांच्या तीनशे माजी विद्यार्थ्यांना गलिच्छ चित्रं गेली. बाईंना शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. त्या प्रकारानंतर खातंही बंद पडलं होतं. श्यामसुंदरनं दुपारभर खपून ते परत मिळवलं, आणि पाठवलेल्या पत्रांत त्याला बाईंचंच एक पत्र सापडलं.

'आपले पत्र मिळाले. माझे खाते बंद होणार असल्याचे वेळीच कळवलेत, आभारी आहे. मागितल्याप्रमाणे पासवर्ड देत आहे. कळावे, लोभ असावा.'

"बाई, चोराला लोभ असावा?"

"आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, एवढंच मला ठाऊक." मग त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या आमोदला सांगू नका. तो कॉम्प्युटर उचलून नेईल. शाळेतली मुलं लिहितात हो मला. दुसरं कोण बोलतं?"

संध्याकाळी धायरीहून आमोद आला.

"काका, आईचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता?"

"मला."

"फक्त तुम्हाला?"

बाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. श्यामसुंदरनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या चहा गाळायला वळल्या.

"फक्त मला."

"तसं काही नाही, पण सगळे विचारतायत. मी नवीन टाकतो. तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

तो चपलांपाशी जाऊन उभा राहिला. समोरचे रंगनाथराव दार किलकिलं करून म्हणाले, "आमचाही बदलून घेतला भाच्याकडून. उगाच तुम्हाला त्रास नको." आणि दार लागलं.

बाईंनी चहाचा कप बाहेर आणून दिला आणि मान खाली घालून त्या आत गेल्या. त्यानं उभ्यानंच चहा संपवला, कप उंबऱ्यावर ठेवला. आत आमोद आईकडून नवा पासवर्ड पाठ करून घेत होता. अर्धवट उघड्या दारातून एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं.

ऐकू येऊ नये म्हणून श्यामसुंदर एक मजला खाली उतरून थांबला.