थांबायला लागणारी जागा

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी बैलांना पाणी दाखवत होतो. "दादा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. अश्विनी ही आमच्या हांडे बाईंची एकुलती एक लेक. बाईंनी आमच्या गावच्या हायस्कुलात अख्ख्या एका पिढीला विज्ञान शिकवलं. त्यांना जाऊन दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहायला बसलो की कागद कोराच राहतो, कारण बाईंबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल एक वाईट गोष्ट सांगावी लागते. ती आता सांगून टाकतो.

नववीत गती आणि बल शिकवताना बाई पुस्तक मिटून आम्हाला मैदानावर घेऊन गेल्या. पांढऱ्या फक्कीची रेघ मारून म्हणाल्या, "जोरात पळत या आणि बरोबर रेघेवर थांबा." एकालाही जमलं नाही. मी शहाणपणा करून रेघेवर पाय रोवले. पाय थांबले, अंग पुढं गेलं आणि दोन्ही गुडघे सोलून निघाले. बाईंनी आधी जडत्व समजावलं, मग औषध लावलं. नंतर निम्म्या वेगानं पळवलं, मग पूर्ण वेगानं, आणि दर वेळी थांबायला किती पावलं लागली ती मोजायला लावली. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट जागा लागते, हे मी असं शिकलो. निदान पेपरात तरी बरोबर लिहिलं.

पुढं बैलगाडा शर्यतींवर बरीच वर्षं बंदी होती. ती उठल्यावरच्या पहिल्या यात्रेत मी कमिटीत होतो आणि पहिल्या बारीचा, म्हणजे पहिल्या धावेचा, मान आमच्या घरच्या गाड्याला मिळाला होता. आमचा घाट, म्हणजे शर्यतीची चढाची वाट, वर माळावर संपतो. गाड्यावर हाकणारा कुणी नसतो; बैल आपले आपण पळतात आणि आपले आपणच थांबतात. धाव जिथं संपते त्या निशाणाच्या पुढं पूर्वी सगळं मोकळं रान असायचं, पण इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. शर्यत समोरून नीट दिसावी म्हणून कमिटीनं गावातल्या वयस्क मंडळींसाठी लोखंडी पाइपांचा मांडव निशाणापासून चाळीस पावलांवर, अगदी वाटेत ठोकला.

बाईंना हे कळलं आणि त्या थेट मीटिंगमध्ये आल्या. "सरावात बैल किती पावलांत थांबतात, शंकर?"

"पंधरा," मी म्हणालो.

"सराव निम्म्या वेगानं घेता ना? मग यात्रेला साठ लागतील. मांडव हलवा."

कमिटीचे अध्यक्ष बबनराव हसले. "बाई, आमची हयात बैलांत गेली. म्होरं मान्सं दिसली की आपसूक थांबत्यात ती. तुमचं गणित फळ्यावर ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. मीही हसलो... आणि हीच ती वाईट गोष्ट. आठवडाभर आधी लेण्याद्रीकडच्या माळावर मी बैल एकदा पूर्ण वेगानं सोडले होते, आणि ते कुणाच्या तरी कांद्यात घुसल्यावरच थांबले होते. पावलं मोजायची माझी छातीच झाली नाही. मीटिंगमध्ये बोललो असतो तर बैल हाताबाहेरचे ठरले असते आणि पहिल्या बारीचा मान गेला असता. म्हणून गप्प बसलो.

यात्रेच्या दिवशी खाली भावानं बैल जुंपले. मी वर निशाणापाशी उभा होतो. माइकवर आमचं नाव पुकारलं, आणि बाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि मांडवाच्या पुढ्यात, वाटेच्या मधोमध बसल्या. आमच्याकडं बायका घाटात येत नाहीत.

"बाई, उठा! जीव जाईल!" बबनराव ओरडले.

"का? थांबतात ना बैल?" बाईंनी मागच्या मांडवाकडं बोट केलं. "यांचा जीव जात नाही, तर माझा कसा जाईल? शंकर, गाडा तुझा आहे. थांबतील म्हण, मी उठत नाही."

खाली चार-चार जण बैलांना लोंबकळत होते. "लवकर बोला राव, बैलं धरवंनात!" माइकवरचा माणूस ओरडला. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो, आणि लाज वाटते ती याची, की तेव्हाही मला आधी मान आठवला.

"न्हाई थांबायची," मी म्हणालो. कुणाला ऐकूच गेलं नाही. मग जीव खाऊन ओरडलो, "न्हाई थांबायची! मागल्या आठवड्यात कांद्यात घुसली व्हती!"

मांडव उठवायला तास गेला. भर उन्हात मी गावाच्या शिव्या खाल्ल्या आणि आमचा गाडा पार शेवटी टाकला. आमच्या आधीचे सगळे गाडे पस्तीस पावलांच्या आतच थांबले. "शंकरभाऊ लई भित्रा निघाला," म्हणून पोरं खिदळायला लागली. मला वाटलं, बाईंचं चुकलं आणि मी फुकट नाक कापून घेतलं. मग आमचे बैल आले. निशाण गेलं, बाईंची खुर्ची होती ती जागा गेली, मांडवाच्या खांबांचे खड्डे गेले... आणि पुढं बऱ्याच लांब ते फुरफुरत उभे राहिले. बबनराव स्वतः पावलं मोजत गेले. बावन्न भरली.

"साठ म्हणाले होते. चुकलं जरा," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी ही जागा नांगरून ठेवा. भुसभुशीत मातीत लवकर थांबतील." आणि खुर्ची उचलून चालू लागल्या. तेव्हापासून ती जागा दर वर्षी मीच नांगरतो.

दहाव्याला अश्विनीकडं गेलो होतो. सगळे पांगल्यावर तिला विचारलं, "मी खरं बोलेन, हे बाईंना कसं ठाऊक होतं?"

तिनं हातातल्या सोन्याच्या पाटल्या माझ्यापुढं धरल्या. "ठाऊक नव्हतं, दादा. यात्रेच्या दिवशी घाटाकडं निघताना आईनं या काढून माझ्याकडं दिल्या. म्हणाली, शंकर बोलला तर येऊन घालते."