सात नंबरची रुखमाबाई

"माणसाले मी नंबर देणार नाई. एकदा सांगतलं ना!"

"माणसाले कोण देऊन राहिलं, सिस्टर? खाटेले देऊन राहिलो!"

"खाटेले ताप येते का?"

"अहो, पण मशीनले..."

"मशीनचं राहू दे. मले सांग, खाटेले ताप येते का?"

रविंद्र नंदनवारने कपाळावर हात मारून घेतला. नागपुरातल्या सदर भागातल्या त्या कॉम्प्युटर क्लासची खोली एसीने गारठलेली, चपला दाराबाहेर काढलेल्या. बाकीची पोरं माना खाली घालून बटणं दाबत होती, पण कान सगळ्यांचे इकडेच. क्लासचा नियम असा की शिकवणाऱ्याला सर म्हणायचं. सुमती मेश्राम सिस्टर पन्नाशीला टेकलेल्या आणि सर चोवीस वर्षांचा, तरी त्या नियम पाळायच्या. फक्त भांडण लागलं की सरचा 'बापा' व्हायचा.

"असं पाहा बापा. ही रुखमाबाई. इचं नाव, इचा ताप, इचं पथ्य, सगळं एका जागी बांधलं. त्याले काय म्हन्लं तू?"

"रेकॉर्ड."

"आन असे रेकॉर्ड ओळीनं मांडले की?"

"ॲरे. आता त्या ओळीतला कोणता रेकॉर्ड पाहिजे, ते कंसात सांगा."

"सांगतलं ना. रुखमाबाई."

"कंसात आकडा लागते, सिस्टर! तुमी नाव लिवलं, म्हणून ते अडलं."

काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं, टाइप मिसमॅच. जिथं आकडा हवा तिथं अक्षरं, असं मशीनचं म्हणणं. कर्सर नेमका रुखमाबाईवर येऊन लुकलुकत होता. लिहिलेला प्रोग्राम तपासणाऱ्या कंपायलरची तीच रीत होती. सांगितलेलं सगळं वरून खाली वाचायचा, आणि पहिलं काही पटलं नाही की तिथंच हटून बसायचा. सिस्टरांच्या मनात आलं, वॉर्डात नवी आलेली नर्स पोरगीही अशीच.

"रुग्ण, कंसात सात, असं लिवा. झालं!"

"सात कोण?"

"सातव्या खाटेवरची बाई."

"तिच्या मायनं तिले सात म्हणून हाक मारली होती का कधी?"

मागच्या पोराला हसू फुटलं. रविंद्रने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तिथंच विझलं.

सिस्टरांचा हा हट्ट जुना होता. त्यांचे वडील आनंदराव कापडाच्या गिरणीत होते. छातीवर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. फाटकावर जॉबर, म्हणजे मुकादम, आकडाच ओरडायचा आणि आनंदराव 'जी' म्हणायचे. छप्पन्न साली घरादारानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आल्यावर आनंदरावांनी दाराच्या फळीवर खडूनं लिहिलं, आनंदराव सोनबाजी मेश्राम. पावसानं पुसलं की पुन्हा लिहायचे. सुमती तेव्हा शाळेत होती. बाबा रोज कामाला निघताना ती फळी एकदा वाचून मग पाऊल बाहेर टाकतात, हे तिनं पाहिलं होतं.

नर्सिंग करून ती एका धर्मादाय दवाखान्यात लागली, पुढं बायकांच्या वॉर्डाची मुख्य झाली. तिथं एका मे महिन्यात जे घडलं, त्यानंतर हट्टाचा नियम झाला. नागपूरचा मे आणि वॉर्डात पंखे मोजके. बायका आपसात ठरवून खाटा बदलायच्या. 'तू इकडं ये वं, मी तिकडं जातो, थोडा वारा तरी लागंल.' एका सकाळी स्ट्रेचरवाले आले, 'बारा नंबर, ऑपरेशन' म्हणाले, आणि बारा नंबरच्या खाटेवर जी होती तिला उचलून चालू लागले. सिस्टर समोरून येत होत्या. त्यांनी चादर बाजूला केली.

"मैनाबाई? तुमी कुठं चालल्या?"

"मले काय मालूम, बाई. यायनं उचललं. मले वाटलं, इथं खोकला असाच काढतेत."

सावनेरकडची मैनाबाई. खोकल्यासाठी भरती झालेली. ऑपरेशन दुसरीचं होतं, ती पंख्याखाली गाढ झोपली होती. सगळा वॉर्ड पोट धरून हसला, मैनाबाईसुद्धा. सिस्टर हसल्या नाहीत. त्या दिवसापासून वॉर्डात कोणी पेशंटला नंबरानं हाक मारली की सिस्टर त्याला त्याच खाटेशी उभं करायच्या आणि बाईचं नाव विचारून घ्यायला लावायच्या. मोठ्या डॉक्टरांनाही ते चुकलं नव्हतं.

आता दवाखान्यात कॉम्प्युटर आला होता. व्यवस्थापक मनोहरराव हौशी माणूस. रोज प्रत्येक पेशंटची चिठ्ठी छापून निघणार, एक स्वयंपाकघरात, एक औषधाच्या ट्रॉलीवर.

"बेड नंबर आणि पथ्य. सुटसुटीत," मनोहरराव म्हणाले होते.

"आणि नाव?"

"बाहेरच्या माणसाकडं तयार प्रोग्राम आहे, सिस्टर. त्यात नावाला जागा नाही."

"मग तो प्रोग्राम माझ्या वॉर्डात नको."

"ठीक. तुम्ही बसवून दाखवा नावाचा. महिनाअखेर मी बघेन. जमला तर तुमचा, नाही तर त्याचा."

म्हणून सिस्टर ड्युटी संपवून सदरला यायच्या. महिना संपत आला होता आणि कंपायलर काही पुढं सरकू देत नव्हता. नंबराच्या चिठ्ठ्या वॉर्डात शिरल्या की पुन्हा कोणी मैनाबाई स्ट्रेचरवर चढणार, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या चप्पल काढतात तोच रविंद्र दारात.

"सिस्टर, चालते!"

"काय चालते?"

"नाव! कंसात नाव चालते! मॅन्युअल घेऊन बसलो होतो. आधी वरती सगळी नावं एकदा सांगून टाकाची. रुखमा, मैना, तुळसा, इंदू. मंग कंसात रुखमा लिवलं तरी मशीन घेते."

"मी म्हन्लं होतं ना!"

"म्हन्लं होतं, म्हन्लं होतं. बसा आता."

सिस्टर बसल्या. टायपिंग त्यांचं एका बोटाचं, पण बोट ठाम. नावं लिहिली, कळ दाबली. कंपायलर अडला. डुप्लिकेट आयडेंटिफायर.

"आता काय झालं याले?"

"रुखमा दोनदा आली."

"येईनच ना. माह्या वॉर्डात रुखमाबाया दोन हायेत!"

"मशीनले एका नावाचे दोघं चालत नाईत."

"मंग आमी करतो तसं कर. एक उमरेडवाली, एक काटोलवाली."

रविंद्रला ते पटलं. दोन्ही रुखमांना गावं चिकटवली आणि कंपायलर गुमान पुढं गेला. खालपर्यंत आला. आता एकच ओळ उरली होती, चिठ्ठी छापायची. आधी नाव छाप, मग पथ्य. सिस्टरांनी पदरानं चष्मा पुसला आणि कळ दाबली.

पुन्हा अडला. मशीनचं म्हणणं, या जातीची गोष्ट मला छापता येत नाही.

"कोणती गोष्ट?"

रविंद्रने मॅन्युअल उघडलं, बोट फिरवलं. एक पान मागं गेला, पुन्हा पुढं आला. मग बोलला, पण सिस्टरांकडे न बघता.

"नाव."

"नाव छापता येत नाई?"

"कंसातलं नाव छापता येत नाई. ते नाव फक्त आपल्या वाचायसाठी असते, सिस्टर. मशीन आत नंबरच ठेवते. पहिलं नाव म्हणजे शून्य, दुसरं म्हणजे एक..."

"म्हणजे माही रुखमा?"

"शून्य."

सिस्टरांनी पडद्यावरच्या रुखमावर बोट ठेवलं. ज्या नावासाठी भांडून महिना घालवला, ते आत गेल्यावर शून्य झालं होतं आणि बाहेर यायला तयार नव्हतं. शिवाय रविंद्रचं अजून एक राहिलं होतं. ते त्यानं जरा हळू सांगितलं.

"आन नवी बाई भरती झाली की प्रोग्राम पुन्हा बदलवा लागन. दरवेळी. वरच्या यादीत तिचं नाव घालून."

"हे तू मले आल्याबरोबर काहून नाई सांगतलं?"

"तवा मीच खुशीत होतो ना."

यावर भांडायला काही शिल्लक नव्हतं. सिस्टरांनी पिशवी उचलली. दाराशी थांबून म्हणाल्या, "उद्या वॉर्डात ये. तुले माणसं दाखवतो. मंग तूच सांग, कसं लिवाचं ते."

रविंद्र आला. फिनेलच्या वासानं नाक आक्रसून, भिंतीकडेनं अंग चोरत चालला होता. खाटांच्या डोक्याशी भिंतीवर रंगानं आकडे लिहिलेले. सिस्टर दुसऱ्या टोकाला कोणाची सलाईन बघत होत्या. सातव्या आकड्याखाली एक बारकीशी म्हातारी बसून चहा फुंकत होती.

"सात नंबर तुमीच ना?" रविंद्रने विचारलं.

"मी नवाची हावो. इथं पंखा हाय ना, म्हणून आली. सातवाली काटोलची रुखमा तिकडं निजली." म्हातारीनं त्याला वरून खाली पाहिलं. "तू कोण गा?"

"मी कॉम्प्युटरवाला."

"तसा नाई. कोणाचा?"

"नंदनवारचा. उमरेडचा."

"दादाजी कोष्ट्याचा? हातमागवाल्याचा?" म्हातारीनं कप खाली ठेवला. "अरे, तुह्या घरच्या मागाच्या सुताच्या कांड्या भरल्या मी! तू रवी ना? रांगत रांगत सुताच्या डाल्यात जाऊन बसे तू. तुही आजी म्हणे, रुखमे, पोराले काढ आधी, सूत मागून पाहू!"

रविंद्र हसला, पण ओशाळला. आपल्याला सुतातून काढणाऱ्या बाईला त्यानं आत्ताच सात नंबर म्हणून विचारलं होतं, आणि तेही चुकीचं. तो वर बघू लागला. सात हा आकडा भिंतीवर होता. खाली कोणीही बसलं तरी तो तसाच राहणार होता.

"सिस्टर," त्यानं हाक मारली, "इकडं या. हा आकडा कोणाचा?"

"भिंतीचा."

"मंग ॲरेतला आकडाबी भिंतीचाच समजा. तो बाईचा नाईच. बाई आत. तिचं नाव तिच्या रेकॉर्डात अक्षरांनी लिवू, मंग ते छापूनबी येईन. खाट बदलली की तिचा अख्खा रेकॉर्ड उचलून दुसऱ्या आकड्याखाली ठेवाचा. नाव तिच्यासंगं जाईन."

सिस्टरांनी भिंतीकडे पाहिलं, मग रुखमाबाईकडे.

"आन चिठ्ठीवर नाव पहिले. मोठ्या अक्षरांनी."

"नाव पहिले. आकडा मागून."

त्या संध्याकाळी सिस्टरांनी पहिल्यांदा कंसात आकडा लिहिला. तरी एकदा अडलंच. घाईत त्यांनी 'रुग्ण' लिहून पुढं टिंब देऊन 'नाव' लिहिलं आणि कंस विसरल्या.

"कोणाचं नाव, सिस्टर? ओळीले नाव नसते, ओळीतल्या एकीले असते."

सिस्टरांना हसू आलं. नवी पोरगी येऊन 'पेशंटले गोळी दिली' म्हणायची, तेव्हा त्या हेच विचारायच्या, कोणत्या पेशंटले? त्यांनी कंस घातला, कळ दाबली. कंपायलर वरून खाली आला आणि कुठंच अडला नाही.

महिनाअखेरीस मनोहरराव दवाखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरच्या खोलीत आले. इथंही चपला बाहेर, त्यामुळं ते मोज्यांवर उभे. रविंद्र मशीनपाशी, सिस्टर बाजूला. प्रिंटर करकरत चिठ्ठ्या ओकू लागला. पहिली ओळ, रुखमाबाई, उमरेड. खाली, आता ती जिथं होती ती खाट, सात. त्याखाली, मीठ वर्ज्य.

"वा!" मनोहरराव म्हणाले. "झाला की प्रोग्राम. मान गये, सिस्टर." मग घड्याळाकडे पाहिलं. "पण हा फार रेंगाळतोय हो. सगळा वॉर्ड व्हायला दुपार होईल. नावाची ओळ काढली तर?"

"ठरलं होतं आपलं," सिस्टर म्हणाल्या.

"ठरलं होतं, कबूल. पण आता तुम्हीच नंबर घातलेत ना? मग नाव कशाला? नंबर आहे, पथ्य आहे. काम भागतं."

"भागत नाही. बाया खाटा बदलतात."

"तर नका बदलू देऊ."

"मे महिन्यात येऊन एक दिवस वॉर्डात बसा, मग सांगा मला."

"सिस्टर, प्रत्येक गोष्टीत भांडायलाच हवं का?" मनोहररावांनी मान फिरवली. त्यांचा आवाज गोड झाला. "नंदनवार, तुम्ही सांगा. तुम्ही जाणकार. एक ओळ काढायला किती वेळ लागतो?"

सिस्टरांनी रविंद्रकडे पाहिलं. महिनाभर हाच पोरगा आकडा, आकडा म्हणून डोकं आपटत होता. आणि ओळ खरंच एकच होती. ती कुठं आहे ते या इमारतीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक तर ती काढणार नव्हती.

"काढता येते ना?" मनोहरराव म्हणाले. "मग काढून टाका. लगेच."

रविंद्रने प्रिंटरमधून आलेली चिठ्ठी फाडून घेतली. वाचली. मशीनवर कापडी झाकण ओढलं, त्याचे कोपरे नीट केले. चिठ्ठी सिस्टरांच्या हातात दिली.

"नंदनवार, मी तुम्हाला विचारतोय."

नावाची ओळ होती तशीच ठेवून तो दाराबाहेर गेला, वाकून चपला पायात सरकवल्या आणि व्हरांड्यातून फाटकाकडे चालू लागला.