बावीस नादुरुस्त लॅपटॉप

मुलींच्या शाळेत संगणक खोलीचा परिचर म्हणून तो लागला, तेव्हा कुणीतरी दान दिलेले बावीस छोटे लॅपटॉप कपाटात धूळ खात पडले होते. आकार वहीएवढा, ताकद बेताची. विंडोज चालवायला घेतली की दमेकऱ्यासारखी धाप लागे. त्याने पुस्तके वाचून, चुकतमाकत, सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकटात मिळणारी, हलकी लिनक्स प्रणाली बसवली. सुरू होताना पडद्यावर तिचे चिन्ह, पेंग्विन, दिसे. मुली त्याला पेंग्विनकाका म्हणू लागल्या. शिक्षकही म्हणत, पण पाठीमागे.

नऊ वर्षे ती यंत्रे चालली. वीज गेली तरी तीन तास तग धरत. मुली त्यांवर निबंध लिहीत, आलेख काढत. दोघींनी तर स्वतःचा खेळ रचला. त्याची बायको शेजारणीला सांगे, "घरात धाकटीचं पोट दुखलं तर उद्या बघू म्हणतात. तिकडे एक बटण अडकलं की जेवणावरून उठतात."

मग नव्या टॅबलेटची योजना आली. अट एकच, जुनी यंत्रे नादुरुस्त असली पाहिजेत. तपासणीला तिघे साहेब आले. एकाने पडद्यावर बोट टेकवले, सरकवले, पुन्हा टेकवले.

"हलत नाही. बंद आहे."

"साहेब, हे बोटानं नाही, बटणांनी चालतं. हे बघा."

"आणि काळ्यावर पांढरी अक्षरं कसली? बिघडलंय ते."

तिघांनी बावीस पडद्यांना बोटे लावली आणि बावीस वेळा 'बंद, नादुरुस्त' लिहिले.

दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्यापुढे कागद सरकवला. कारणाच्या रकान्यात 'देखभालीचा अभाव' असे होते. खाली त्याची सही हवी होती.

"बाई, नऊ वर्षं देखभाल मीच केली."

"मनाला काय लावून घेता? लिहायची पद्धत आहे. टॅबलेट मुलींसाठीच येतायत ना?"

"ते शाळेतच राहणार. सात मुलींच्या घरी संगणक, फोन काहीच नाही. यातले सात त्यांना द्या, मग करतो सही."

"आधी सही तर करा. नाही कोण म्हणतंय?"

नऊ वर्षांवर पाणी फिरवणारी ती ओळ त्याने सात मुलींसाठी गिळली आणि सही केली.

बाईंनी कागद फाईलीत लावला. मग म्हणाल्या, "काका, नादुरुस्त ठरलेली वस्तू मुलींच्या हातात देता येत नाही. नियम आहे. शिवाय भंगारात जाण्याआधी ती कुणालाही वापरता येणार नाही अशी करावी लागते. त्यातलं तुम्हालाच कळतं."

"पण बाई, तुम्ही म्हणालात..."

"मी हो कधी म्हणाले?"

शिपाई हातोडा ठेवून गेला. तपासणीसाठी उघडलेली यंत्रे अजून टेबलावर चालूच होती. त्याने पहिले जवळ ओढले, बंद करण्याची आज्ञा दिली, दिवा विझेपर्यंत थांबला आणि मग घाव घातला. दुसऱ्याचेही तसेच. अकराव्याच्या वेळी कारकून दारातून डोकावला.

"काका, फोडायचीच आहेत, तर एकेक बंद काय करत बसलात?"

"तुमच्या कागदावर बंद आहेत ना," तो मान वर न करता म्हणाला. "मग कुणीतरी करायला नको?"

आणि त्याने बारावे पुढे ओढले.