एकदाच ओवाळायचं असतं म्हणे

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. लोक म्हणतात, पोर सुखरूप आला, संसाराला लागला, आता कशाला उकरतेस? उकरते. माझा राग आहे, मी उकरणार.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझा एकुलता एक पोर फौजेत. त्याची पलटण काश्मीरला निघायची होती, त्याआधी मुंबईत येऊन थांबलेली. आमचं घर पनवेलच्या अंगाला, जवळच, म्हणून साहेबानं त्याला निरोप घ्यायला घरी सोडलं. तेव्हा काश्मीरचं नाव रोज रेडिओवर यायचं. आळीतल्या बायका त्याच्याकडे बघून आत्तापासूनच पदर डोळ्याला लावायला लागल्या. मला म्हणायच्या, धीर धर गो. अगं, मी धीर सोडलाय कुठे?

निघायच्या सकाळी पाच सवाष्णी ताटं घेऊन आल्या. पुढे माझी चुलत जाऊ, शेजारच्याच घरातली. माझे मालक जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली. विधवेनं ओवाळायचं नाही, म्हणून मी आत चुलीपाशी. करंजा बंदरावरून सुकी मासळी आणून, पनवेलच्या बाजारात विकून ज्याला वाढवला, त्याच्या कपाळाला कुंकू लावायला दुसऱ्या बायका, आणि मी भिंतीआडून त्यांच्या दिव्याचा उजेड बघतेय. तेव्हा राग आला का? नाही आला. तेव्हा ती रीतच वाटायची.

दोन-तीन दिवस झाले असतील, हा भरदुपारी खांद्यावर पिशवी टाकून परत दारात. पलटणीची गाडी पुढे ढकललेली. किराणावाल्याच्या दुकानात फोन येईल, तोवर घरीच थांब म्हणून सांगितलेलं. मला केवढा आनंद! पण आळीला ते रुचलं नाही. ओवाळून पाठवलेला माणूस असा उलट पावली परत आला म्हणजे अपशकुन. जाऊबाई धावत आल्या, त्याला पुढून घेऊ नको म्हणाल्या, मागच्या दारानं आण. तो शहाण्यासारखा वळसा घालून मागून आला. माझ्या अंगाचा मात्र भडका.

मग सुरू झालं वाट बघणं. हा पहाटे उठायचा, विचुंब्याच्या रस्त्यानं पळून यायचा, दाढी करायचा. पिशवी रिकामी करायचा, सगळं अंथरुणावर मांडायचा आणि परत भरायचा. आणि मी बाजारात बसून लोकांचं ऐकायचं. एकीनं तर चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "तुजा पोर लढाईला गेलता ना? जिंकून आला वाटतं दुपारच्या गाडीनं." मी बोंबील तागडीत असे आपटले की त्यांचं पीठ व्हायचं राहिलं.

एकदा फोन आला. ओवाळायला तिघीच आल्या. तो गेला आणि संध्याकाळी परत घरी. गाडी पुन्हा रद्द. दुसऱ्या दिवशी नळावर जाऊबाईंनी हंडा खाली ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमाला दुसरी कामं नाय? रोज उटून तुज्या पोराला ववालाचं? एकदा ववाललं की झालं. आता आमी नाय येनार." बायका हसल्या. मी पाणी न भरताच घरी आले.

आणि सगळं पोरावर ओतलं. तुमच्या साहेबांना एक गाडी सोडता येत नाही? तिकडे माझी आळीभर शोभा झाली आणि तू इथे बूट घासत बसलास? त्यानं मान वर केली नाही.

"आये, लढाई जवा व्हायची तवा होल," म्हणाला. "आता वाट बगायचं काम दिलंय, त तेच नीट करतो."

अजून बोलणार होते, तेवढ्यात माझी नजर खाली गेली. सकाळपासून तो एकच बूट घासत होता. दुसरा तसाच, धुळीनं भरलेला.  शेजारी बसले, दुसरा बूट मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागले. त्याच्यावरचा राग तिथेच संपला. आळीवरचा मात्र दुप्पट झाला.

मग एका सकाळी दुकानातून निरोप आला. त्यानं कपडे चढवले. कोणी आलं नाही. तो देवापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आये, तू ववाल."

"मला चालत नाय रे."

"मला चालतंय."

जेवायच्या थाळीतच दिवा ठेवला. देवापुढची कुंकवाची डबी उघडली. बऱ्याच वर्षांनी कुंकवात बोट बुडवलं, त्याच्या कपाळाला लावलं, तर टिळा वाकडा झाला. त्यानं तो तसाच ठेवला.

त्याला पोचवायला रस्त्यापर्यंत गेले, तर नळावर जाऊबाई. त्यांनी टिळा बघितला. "कोनी गो ववाललं याला?"

"मी."

त्यांनी तोंडावर हात नेला. "इपरीत केलंस बाय."

निघालेल्या पोराच्या तोंडावर बोलायचा हा शब्द? माझा हात उठलाच होता. पण पोरगा वाकला, त्यांच्या पाया पडला, "येतो काकी" म्हणाला आणि चालायला लागला. मी हात आवरला, त्याच्यासाठी.

तो वर काश्मीरात होता तेवढे दिवस आळी माझ्याकडे कशी बघायची, ते मला माहीत आहे. पोस्टमन आला की बायका दारात यायच्या. आणि खरा संताप कशाचा सांगू? पोस्टमन दिसला की माझ्याही डोक्यात ते "इपरीत" फिरायचं. त्या बाईनं नळावर उभं राहून माझ्या आत भीती घालून ठेवली, आणि ती भीती मी एकटीनं वागवली.

पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला. वाळलेला, काळवंडलेला. अंगणात पिशवी टेकवतोय तोच पाचही जणी ताटं घेऊन हजर, पुढे जाऊबाई. मला म्हणाल्या, बाजूला हो.

मी दारातून हलले नाही. "तो दोन दिसांच्या परवासातून आलाय, भुकेला हाय. आदी जेवंल. मग बगू."

कोण ओवाळणार ते मी बोलले नाही. पोराला आत घेतलं, पुढच्या दारानं. त्याच्यापुढे ताट वाढलं. जाऊबाई हातानं दिव्याला आडोसा करून अंगणात उभ्या होत्या. मी पोराला म्हटलं, सावकाश जेव, आणि त्याला अजून भात वाढला.