माझा स्वेटर आणि मुक्ताच्या मेंढ्या

माझ्या मुलीची पीएचडी माझ्या स्वेटरमुळे अडली.

मुक्ता मेंढ्यांच्या हार्मोन्सवर संशोधन करते. बडोद्यातल्या हरणीच्या आमच्या सोसायटीत कुणी "दीकरी शुं करे छे?" म्हणून मुलीची चौकशी केली, की मी "डॉक्टर होतेय" एवढंच सांगून लिफ्टमध्ये शिरतो. पण मला स्वतःला भारी कुतूहल! एकदा जेवताना मी तिला भंडावलं.

"बाबा, मेंढीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी ग्रंथी असतात. एरवी त्यांचा स्राव घट्ट. अंडाशय जागं झालं, इस्ट्रोजेन वाढलं, की तोच पातळ होतो, तार धरतो."

"पाकासारखा?"

"अहो, जेवा आता!" सुलभा म्हणाली. (ही माझी बायको.)

"आणि गंमत म्हणजे, नुसता मेंढ्याचा वास आला तरी हे सगळं सुरू होतं. म्हणून एका शेडमध्ये मेंढा सोडलाय आणि लांबच्या शेडला त्याचा वाराही लागू द्यायचा नाही. दोन्हीकडचा फरक, तोच माझा प्रबंध."

हे ऐकल्यावर घरी कोण बसणार! (रिटायर माणूस तर मुळीच नाही.) डबा पोचवायच्या निमित्ताने मी फार्मवर गेलो. अंगात सुलभाने विणलेला लोकरी स्वेटर. बडोद्यात स्वेटरचे दिवस मोजकेच, त्यातला एकही मी वाया घालवत नाही. मुक्ता प्रयोगशाळेत होती. मेंढा फारच देखणा निघाला! मी त्याच्या गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून सेल्फी काढला. तोही खुशीत येऊन अंग घासू लागला. मग मी लांबच्या शेडकडे वळलो.

"काका, ए बाजू ना जशो! बेने ना पाडी छे!" रखवालदार भिखाभाई ओरडले. मुक्ताबेनने म्हणे तिकडे जायला मनाई केली होती.

"अरे, मनाई मेंढाने छे! हुं मेंढो छुं?"

मेंढ्याला असलेली मनाई मला कशी लागू होईल! मी आत जाऊन मेंढ्यांना प्रेमाने चारा भरवला. त्यांनी माझा स्वेटर पुन्हा पुन्हा हुंगला. माणसाची पारख आहे म्हटलं बिचाऱ्यांना!

थोड्या दिवसांनी मुक्ता रडकुंडीला येऊन घरी आली. "लांबच्या शेडमधल्या मेंढ्यांचा स्राव पातळ झाला! तिथे मेंढा शिरलाच कसा? सर म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून करा!"

मीही तपासात उतरलो. कुंपण फाटलं असेल? वारा फिरला असेल? तेवढ्यात सुलभाने मोबाइल पुढे केला.

"तो मेंढा हाच का गं? बाबांनी फॅमिली ग्रुपवर टाकलाय. नागरवाड्याच्या वन्संनी विचारलंय, यातला दादा कोणता?"

मुक्ताने फोटो पाहिला, खुंटीवरचा माझा स्वेटर हुंगला आणि म्हणाली, "मेंढा नाही, त्याचा वास शिरला!" मला खरंच वाईट वाटलं. पोरीची सगळी मेहनत माझ्या अंगाला चिकटून वाया गेली होती.

प्रयोग पुन्हा मांडायचं ठरलं. पण मुक्ता पडली शास्त्रज्ञ! "गोंधळ स्वेटरने केला की बाबाने, हे आधी बघायला हवं," म्हणून मला घासूनपुसून आंघोळ करायला लावली आणि धुतलेल्या सदऱ्यात वेगळ्याच मेंढ्यांसमोर रोज उभं केलं. मी चारा घातला, गप्पा मारल्या, एकदा गाऊनही दाखवलं.

अखेर एका संध्याकाळी तिने जेवताना निकाल सांगितला. "स्राव घट्टच्या घट्ट! म्हणजे करामत वासाचीच. सर खूश आहेत, माझा प्रबंध तरला! बाबाचा स्वतःचा परिणाम शून्य."

सुलभा पोळीला तूप लावत म्हणाली, "त्यासाठी मेंढ्या कशाला हव्या होत्या? मला विचारायचं!"